गुळवणीची वाटी

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, १४ सप्टेंबर २०२५ (भाद्रपद वद्य अष्टमी)

तीर्थस्वरूप अक्का,

तुमच्या धाकट्या जावेचा, मंदाचा, नमस्कार. तात्यासाहेब भाऊजींनाही सांगा. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांना या महिन्यात सकाळची ड्यूटी आहे, त्यामुळं दुपारी घरी असतात आणि मी डब्यातून किती डाळ घेतली, किती ठेवली त्यात लक्ष घालतात. आमचा विश्वजीत घटाला पुण्याहून येतो म्हणालाय. उद्या नवमी, आपल्या सासूचं, आत्याबाईंचं, पान. तुमच्याकडं सगळं रीतसर होईलच. मीही इथं वडे, खीर करून कावळ्याला वाढीन. आत्याबाईंना अळूची भाजी लागायची, ती आजच आणून ठेवली.

मंजुषा, पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून तुला आधीच सांगते. सावकाश वाच, मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस. तुझ्या सासूबाईंना अक्षरओळख नसली तरी वाचणाऱ्याची जीभ कुठं अडखळली ते त्यांना बरोबर कळतं.

अक्का, तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना पत्र कशाला. फोन केला की तुम्ही त्याचा आवाज मोठा करता, आणि ओट्यावर भागूबाई बसलेल्या असतातच. मी "कशा आहात?" विचारायच्या आत त्याच "बऱ्या हायेत" म्हणून उत्तर देतात. म्हणून हे पत्र. उद्या कचरू शहरात दूध घालून परत निघाला की त्याच्याजवळ देते. त्याला आजच बजावलंय. तर म्हणतो, "काकू, कोर्टाचा कागद हाये का?" म्हटलं, "त्याच्याहून मोठा. भिजवू नको."

एक गंमत सांगायची राहिली. महालक्ष्म्यांच्या आधी मी शहागंजात बांगड्या भरायला गेले होते. आपला तो म्हातारा मनियार, त्यानं मला बघितलं आणि सवयीनं वरच्या फळीवरचा मोठ्या मापाचा डबा काढला. "भाभी, आपका नाप मेरेकू याद है." पहिली बांगडी घातली ती सरळ कोपरापर्यंत गेली. त्यानं चष्मा वर केला. "आप वहीच हो ना? के बहन है उनकी?" मी म्हटलं, "वहीच हूँ चाचा. थोडी कम आयी हूँ." दुकानातल्या सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. आधी कधी त्या हसायच्या तेव्हा मला हसू यायचं नाही. जुन्या मोठ्या बांगड्या टाकून नाही दिल्या, दोऱ्यात ओवून दाराला तोरण केलंय. वारा आला की वाजतात. हे म्हणतात, "जुनी मंदा हाका मारती बघ."

जुनी मंदा तुम्हाला आठवत असेल. तिचा नमस्कार दुरूनच असायचा. गुडघे वाकायचे नाहीत, वाकले तर उठता यायचं नाही, म्हणून लग्नाकार्यात मी मोठ्यांना उभ्यानं हात जोडायचे. तुम्ही म्हणायच्या, "मंदीचा नमस्कार म्हंजी येष्टीचा हॉर्न, लांबूनच!" रागानं नाही, गमतीनंच म्हणायच्या. पण ओट्यावरच्या सगळ्या हसायच्या, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायचे.

तुमच्यापेक्षा मला दुसरं एक जास्त लागायचं, ते कधी बोलले नाही. मी पूजेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. देव खाली पाटावर आणि मी वर खुर्चीत. पोथी वाचताना शब्द तोंडातून जायचे, पण मन त्या खुर्चीतच अडकलेलं असायचं. डॉक्टरांनी साखरेची भीती घातली, विश्वजीतनं हट्ट धरला, हे सगळं खरं. पण पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या कागदावर मी सही केली ती त्या खुर्चीपायी.

आता मी मांडी घालून पोथी वाचते, अक्का. अध्याय संपेपर्यंत पाय बदलत नाही. साखरेची गोळी सुटली. रेल्वे स्टेशनचा जिना एका दमात चढते. मधे केस लई गळले, वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली होती, तेव्हा मी मनातून घाबरले होते. पण डाळ, पनीर, मटकी मोजून खात राहिले, औषधं चुकवली नाहीत, आणि केस परत आले. चतकोर भाकरीत जेवण होतं. ताटात उरलेलं, कढईला लागलेलं, पोरांनी टाकलेलं, सगळं वाया जाऊ नये म्हणून उभ्याउभ्या मीच खायचे. ते बंद झालं. आता उरतं ते आधीच कमी शिजवते. घरखर्चाच्या वहीकडं बघून हे म्हणाले, "ऑपरेशन तुझं झालं आणि बारीक किराणा झाला."

आणि माझ्याकडं बघूनच तुम्ही मंजुषाच्या ऑपरेशनला हो म्हणालात. तुमच्याबद्दल हे मी सगळ्यांना सांगते. आख्खं करमाड "सुनेचं पोट कापताय व्हय?" म्हणून विचारत होतं, आणि तुम्ही म्हणालात, "पोट तिचं हाये, दुखणं तिचं हाये, तुमचं काय जातं?" मागच्या दिवाळीनंतर ऑपरेशन झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी ही पोरगी सलाइनचा दांडा हातात धरून व्हरांड्यात माझ्या पुढं चालत होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा जी सगळ्यांच्या मागं लपली होती, ती यंदा महालक्ष्म्यांच्या फोटोत पुढं मांडी घालून बसलीय. तो फोटो मी विश्वजीतकडून मोठा करून मागवलाय. तुम्ही, मी आणि ती. घराण्यातल्या तिघी एका ओळीत मावलो असा पहिलाच फोटो असेल.

महालक्ष्म्या यंदा लई देखण्या बसल्या होत्या. तुम्ही नेसवलेल्या पातळांच्या निऱ्या बघून मला वाटलं, तुमच्यानंतर हे हात कुठून आणायचे. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. मी सकाळपासून निरंकार होते. नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात पाणीही घालायचं नाही असं मीच ठरवलं होतं. इतक्या वर्षांनी पंगतीला खाली बसायचं होतं, मग ते पुरत्या सोवळ्यात व्हावं, एवढाच हट्ट. संध्याकाळी तुम्ही मला पहिल्या पंगतीला सवाष्ण म्हणून बसवलंत. पोळीवर गुळवणी ओतलीत आणि वर भरलेली वाटी ताटाशेजारी ठेवलीत.

मी म्हटलं, "अक्का, मला गोड..."

तुम्ही म्हणालात, "माय, म्हालक्ष्मीचा परसाद हाये त्यो. नाय म्हणू नाय, ताटात टाकू नाय."

नाही म्हटलं नाही. पोळी दोन घासांच्या पुढं जाईना, ती तुमची नजर चुकवून ह्यांच्या ताटात सरकवली. राहिली गुळवणी. तिला वाया कसं घालवायचं? म्हटलं पातळच तर आहे, जाईल खाली. वाटी तोंडाला लावून संपवली.

त्यानंतर आरतीला काय झालं ते गावाला ठाऊक आहे. त्याचं पुढं लिहिते.

आधी मंजुषाचं लिहिते. मंजुषा, भाऊजी ओट्यावर असतील तर त्यांना चहा देऊन ये, दार ओढून घे, मग पुढचं वाच. बायकांचं आहे.

अक्का, महालक्ष्म्या जेवल्या त्या दिवशी दुपारी ही पोरगी फ्रीजपाशी उभी राहून बर्फ चावत होती. कडाकडा, हरभरे खाल्ल्यासारखा. मला बघून तिनं पदरानं तोंड पुसलं. मी तिचा हात हातात घेतला आणि नखं बघितली. पांढरी फटक. मला कळलं, कारण ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मीही असाच बर्फ खायचे, आणि दुकानातला खडू बघून माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. ही खोड नसते. अंगातलं लोह संपलं की असं होतं.

आपलं पोट लहान केलंय आणि आतडं पुढं नेऊन जोडलंय, म्हणून खाल्लेल्यातलं लोह अंगाला पुरतं लागत नाही. माझी पाळी जाऊन वर्ष झालं, मी गोळ्यांवर सावरले. तिचं वय तिशीच्या आतलं. ऑपरेशनच्या आधी तिची पाळी महिनोन्‌महिने यायची नाही. वजन उतरलं तशी यायला लागली, आणि आता आली की थांबत नाही. किती, ते तिनं तुम्हाला सांगितलं नसेल. मला न्हाणीघराच्या दाराशी सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. जिना चढताना तिला धाप लागते. रक्त सातवर आलंय, हे तर तुम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आता गोळीनं भागणार नाही, लोहाचं सलाइन लावू आणि पाळीचंही औषध सुरू करू, असं ते म्हणाले. तुम्ही तारीखही घेतली होती.

आणि गुरुवारी तुमचा फोन आला. "देवीनं नाय म्हटलंय, मंदे. तुझ्या तोंडून नाय म्हटलंय. आता सलाइन नाय न् काय नाय. पोट कापल्याचं पाप हाये ते, घटाचे नऊ दिवस तिला निरंकार धरायला लावते. मग बघ कशी खडखडीत व्हती."

मी फोनवर "हूं" म्हटलं, कारण मागं भागूबाई खोकल्या. नाहीतर तेव्हाच बोलले असते. खरं सांगते, बोलले असते की नाही, माझं मलाच माहीत नाही.

आता आरतीचं.

आरती सुरू झाली आणि मला दरदरून घाम फुटला. छातीत मळणीयंत्र चालू झाल्यागत धडधडायला लागलं. टाळ कानात न वाजता डोक्यात वाजत होते. हातातलं निरांजन थरथरलं, ते मंजुषानं वरच्यावर झेललं, एवढं आठवतं. मग मी खाली बसले आणि माझं अंग माझं राहिलं नाही. भागूबाई ओरडल्या, "आली! आई आली! कुंकू आणा, केस सोडा तिचे!" कुणीतरी माझा मळवट भरला. कुणी ओटीत नारळ टाकला. मला पाणी हवं होतं आणि वारा हवा होता, आणि सगळ्या जणी जवळ जवळ येत होत्या. तुम्ही पुढं झालात. माझ्या पायांवर डोकं ठेवलंत आणि विचारलंत, "आई, डॉक्टर माझ्या सुनेला सलाइन लावा म्हणतो. लावू का?"

माझी मान हलत होती, अक्का. सगळंच हलत होतं. तुम्हाला ती "नाही" अशी हललेली दिसली.

घरी आले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. गल्लीतल्या बाया नारळ घेऊन दारात. एकीनं पोराच्या नोकरीचं विचारलं, एकीनं हरवलेल्या कानातल्याचं. मी म्हटलं, "बायांनो, मला काही कळत नाही." तर त्या म्हणाल्या, "असंच म्हणतात, ज्यांच्या अंगात खरं असतं ते असंच म्हणतात." भाजीवाला मला वाकून नमस्कार करतो. जी मंदा रिक्षात बसली की रिक्षावाला दुसरी सवारी घ्यायचा नाही, तिच्यासाठी आता बाया उठून जागा देतात. देवाच्या दारात खोटं लिहीत नाही, मला ते आवडलं. आणि सगळ्यांत आवडलं ते तुमचं डोकं माझ्या पायांवर. सव्वीस वर्षं मी या घरात धाकटी आहे.

आत्याबाईंच्या अंगात वारं यायचं ते मी डोळ्यांनी बघितलंय. ते मी खोटं म्हणत नाही, म्हणणारही नाही. त्यांचा चेहरा तेव्हा तापल्या तांब्यासारखा उजळायचा. मी मात्र त्या संध्याकाळी राखेसारखी पांढरी पडले होते, असं हे म्हणाले. ते माझ्या मनात सलत राहिलं. म्हणून गेल्या मंगळवारी मी एक केलं. तुम्ही रागवाल, पण ऐका.

सकाळपासून काही खाल्लं नाही. दुपारी तुमच्याच रीतीनं गुळवणी केली, गूळ, सुंठ, वेलदोडा, सगळं तसंच. तेवढीच वाटी भरली. ह्यांना शेजारी बसवलं. देव्हाऱ्यापुढं मांडी घालून हात जोडले आणि म्हटलं, "आई, तुझी परीक्षा नाही बघत. माझी बघते." आणि वाटी संपवली.

आरती नव्हती, टाळ नव्हते, कुंकू नव्हतं. बाहेर भंगारवाला ओरडत होता आणि शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. थोड्या वेळानं तोच घाम. तेच मळणीयंत्र. तेच हात थरथरणं आणि तशीच मान हलणं. हे घाबरून उठले. "मंदे, देवी हाये का काय हाये? पाणी देऊ का नारळ फोडू?" मी आडवी झाले आणि मला हसूही आलं, रडूही आलं. देवीला यायचं असतं तर ती गुळवणीची वाट बघत बसली नसती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. आहाराच्या मेघा मॅडमनी आधी मला चांगलं झापलं. "काकू, असले प्रयोग घरी करतात का? पडला असता तर?" मग समजावून सांगितलं. आपल्यासारख्यांनी उपाशी पोटी पातळ गोड एकदम घेतलं की ते तडक आतड्यात उतरतं, अंगातलं पाणी तिकडं धाव घेतं, आणि घाम, धडधड, थरथर सुरू होते. ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणींना होतं. मला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मी इतके दिवस गोडाला हात लावला नव्हता, म्हणून कधी झालं नव्हतं. देवीच्या घरचा प्रसाद त्यात धरायचा असतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तर अक्का, ती देवी नव्हती. ती गुळवणी होती.

हे लिहून हात थांबला होता. उठून देव्हाऱ्यात दिवा लावून आले. आता बरं वाटतंय. दारात नारळ घेऊन येणाऱ्या बायांना मी कालपासून हेच सांगतेय. एक जण नारळ परत घेऊन गेली, दोघींना पटलं नाही, आणि चौथीनं विचारलं, "मग त्या ऑपरेशनच्या डॉक्टरचा पत्ता द्या." मला तो जास्त मोठा मान वाटला.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही देवीला स्वतःसाठी काही मागितलं नाहीत, सुनेसाठी विचारलंत. भागूबाई तिथं होत्या, त्यांनी नातवाच्या मोटारसायकलचं विचारलं. तुमचा प्रश्न चांगला होता. उत्तर देणारी चुकीची होती.

आता मी काय म्हणते ते करा. मंगळवारी सकाळी तुमच्या आकाशला बायकोला घेऊन इकडं यायला सांगा. दवाखान्यात मी तिच्यासाठी परत बोलून ठेवलंय. सलाइन संपेपर्यंत तिच्या उशाशी मी बसते, पाळीचंही डॉक्टरणीला दाखवते, आणि चार दिवस तिला माझ्याकडंच ठेवून घेते. उपास तिला यंदा नाही, आणि मलाही नाही. आम्हा दोघींचं पोट एवढंसं, त्यात अन्न गेलं नाही तर अंगात काहीच राहत नाही. अन्नही देवीच आहे, तिला नाही कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, मग घराण्याचा नऊ दिवसांचा उपास मोडला. का मोडावा? आकाशनं धरावा. चांगला धडधाकट आहे, तीन तीन भाकरी खातो. देवीला मुलाचा उपास चालत नाही असं कुठल्या पोथीत लिहिलंय? मी सगळ्या वाचल्यात, मला तरी सापडलं नाही. मंजुषा, हसू नकोस, वाच.

आणि तुम्हाला कौलच हवा असेल तर तोही देते. त्या दिवशी मान हलली ती माझ्या ताब्यात नव्हती. आज मी शुद्धीवर आहे. सकाळी मुगाचं धिरडं खाल्लंय, गोड खाल्लेलं नाही. समोर देव्हाऱ्यात समई आहे. तिच्यासमोर, मंदाकिनी म्हणून, माझ्या मनानं मान हलवून सांगते: लावा सलाइन. पोरगी आपली आहे.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसायच्या आत मी करमाडला पोचते. मंजुषाला घेऊनच येईन. दारात ओवाळायला उभ्या राहू नका, बाया जमवू नका. पण भागूबाई मात्र ओट्यावर असू द्या. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं, ते मला सगळ्यांसमोरच परत करायचंय.

आता गुडघे वाकतात, अक्का. पार जमिनीपर्यंत.

तुमची धाकटी,
मंदा